सोबत्याने समजावलेले गणित

वाचकहो, तुमच्या घरातले किंवा शेजारचे एखादे पोर गेल्या दोन-चार वर्षांत बारावी होऊन विज्ञान शाखेला किंवा इंजिनिअरिंगला गेले असेल, तर ‘एटीकेटी’ हा शब्द तुमच्या कानांवरून गेलाच असेल. विषय राहिला पण वर्ष वाचले, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. पहिल्या वर्षी हा राहिलेला विषय पुष्कळदा गणित असतो. गणित नसले तर पदार्थविज्ञान, नाहीतर रसायन. तोवर तेच पोर वर्गात हुशार म्हणून नावाजलेले असते. मग एकाएकी झाले काय?

पिंपरी-चिंचवडकडे हा प्रश्न जरा अधिक बोचतो. हे गावच मुळी यंत्रांच्या हिशेबावर उभे राहिलेले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर शेडी उठू लागल्या. पुढे ही रांग चाकणपर्यंत गेली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर, सातारा, कुठून कुठून माणसे आली आणि तिन्ही पाळ्यांत राबली. त्यांच्या मुलामुलींपैकी कितीतरी जण घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेले.

यातली गंमत पाहा. टूलरूममध्ये काम करणारा बाप साइन बार रोज हाताळत असतो. शंभर मिलिमीटरचा साइन बार तीस अंशांत उभा करायचा, तर त्याच्या एका टोकाखाली पन्नास मिलिमीटर उंचीच्या स्लिप गेजा रचायच्या, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. कारण तीस अंशांची ज्या म्हणजे निम्मी. आणि त्याच घरात, त्याच रात्री, त्याचा मुलगा ‘साइन थीटा’ समोर घेऊन डोके धरून बसलेला! एकाला त्या सूत्राचा उपयोग ठाऊक आहे, दुसऱ्याला नाव ठाऊक आहे. पण बापाला कॉलेजच्या पुस्तकाची इंग्रजी भाषा परकी, आणि मुलाला टूलरूम परकी.

मग या मुलाने विचारायचे कोणाला? प्राध्यापकांपुढे साठ-सत्तर मुलांचा वर्ग, तास पुरा व्हायच्या आत धडा संपवायचा. शिवाय ‘एवढेही येत नाही?’ असे भर वर्गात कोणी म्हणेल, ही धास्ती. खासगी क्लास लावायचा तर पैसे. उरते कोण? त्याच कॉलेजातली, एक वर्ष पुढे असलेली मुलगी. जिचा हाच विषय गेल्या वर्षी सुटता सुटता राहिला होता आणि मग सुटला. ती जवळ बसून, एक पैसा न घेता, गणित समजावून देते. याला आता इंग्रजीत मोठी मोठी नावे आहेत. पण वाचकहो, ही गोष्ट आपल्याकडची आहे, आणि तिने मध्यंतरी विलायतेचा एक फेराही मारून झालेला आहे. आज तोच फेरा तुमच्यापुढे मांडायचा आहे.

सुरुवात धूळपाटीपासून करू. जुन्या पंतोजींच्या शाळेत कागद महाग आणि पुस्तक जवळजवळ नाहीच. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, पाटी हलवली की पुन्हा कोरी. शाळेत मुले पाच-सहा वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची, आणि पंतोजी एकच. तेव्हा मोठ्या मुलाने धाकट्याचा हात धरून ओनामा गिरवून घ्यायचा, ही रीतच पडली. संध्याकाळी परवचा म्हणायचा तो तर सगळा याच चालीवर. एकाने पुढे होऊन पावकी-निमकी-दीडकी म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. त्यात पाठांतर फार, मारही फार. त्या शाळांची उगाच आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु आपल्याहून थोडा मोठा मुलगा हाही आपला मास्तर असू शकतो, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

आता मद्रासला जाऊ. तेथे १७८९ साली लष्करातल्या गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम निघाला. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटलंडचे पाद्री त्याचे मुख्य झाले. एके दिवशी घोड्यावरून रपेट मारताना त्यांनी एक देशी शाळा पाहिली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटांनी अक्षरे काढीत होती. बेलसाहेबांनी आपल्या शाळेत वाळू आणवली. पण पगारी शिक्षकांना हा पोरखेळ वाटला, ते काही मनावर घेईनात. तेव्हा साहेबांनी धाकटा वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ-साडेआठ वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन केला. पगारी मास्तरांना जे जमले नाही ते या पोराने करून दाखवले. हळूहळू बेलसाहेबांनी सगळ्याच शाळेत शिकवायला मुलेच नेमली. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाची हकिगत लंडनला छापली आणि ‘मद्रास पद्धती’ हे नाव विलायतेत गेले. बेलसाहेबांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले आहे.

लंडनमध्ये याच सुमारास जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणाने हीच कल्पना उचलून तिचे यंत्र केले. एक मास्तर, शेकडो मुले, आणि मधे ‘मॉनिटर’ मुलांची उतरंड. मॉनिटराने शिट्टीसरशी पाटी दाखवायला लावायची, चुका मोजायच्या, नोंद करायची. शिक्षा म्हणून पोराला टोपलीत घालून छताला टांगायचे, असलेही प्रकार त्यात होते. गिरण्यांचा काळ होता. शाळाही गिरणीसारखी झाली. खर्च मात्र कमी! त्यामुळे सरकारांना आणि दानशूरांना ती फार आवडली. आणि अशी ही आपली रीत, विलायती टोपी घालून, मुंबईला परत आली. १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत ती शिरली, आणि पुढे देशी मुलांच्या शाळांसाठी जी मंडळी जमली त्यांनीही तिचा पुरस्कार केला.

या मंडळींचे काम मात्र नुसत्या शिट्टीवर चालणारे नव्हते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याने शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची पुस्तके मराठीत आणली. १८२३ च्या सुमारास निघालेल्या इंजिनिअरिंगच्या शाळेत तर भूमिती आणि मोजणी देशी भाषांतून शिकवली जाई. दोनशे वर्षांपूर्वी, बरे का! पुढे १८३४ साली एल्फिन्स्टन विद्यालयात सहाध्यापक झालेले बाळशास्त्री जांभेकर यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याला ‘शून्यलब्धि’ असे नाव दिले. आज मराठी शाळेतून आलेला पिंपरीचा मुलगा ‘डेरिव्हेटिव्ह’ या शब्दाशी ठेचकाळतो, तेव्हा मला हा शब्द आठवतो. शब्द अवघड आहे, मान्य. पण निदान तो विचार आपल्या घरी येऊन गेलेला आहे एवढे तरी त्यावरून कळते.

लँकेस्टरचे यंत्र पुढे मोडकळीला आले. इंग्लंडात १८४६ पासून ‘शिकाऊ शिक्षक’ तयार करण्याची वेगळी व्यवस्था सुरू झाली आणि मॉनिटर मागे पडले. का पडले? मॉनिटराला स्वतःला कळलेले नसे, पाठ असे. जे पाठ, ते तो पुढच्याला पाठ करायला लावी. माझ्या मते याहून मोठे कारण असे की त्याला नेमलेले होते. मोठ्यांनी आपला खर्च वाचवण्यासाठी त्याला शिकवायला बसवलेले. सोबती म्हणून तो तेथे नव्हताच, तो लहान आकाराचा मुकादम होता.

पाठांतर आणि समज यांतला फरक दाखवणारी एक हकिगत दादाभाई नौरोजींनी आपल्या बालपणाविषयी सांगितलेली आहे. अंकगणितात त्यांचा एक प्रतिस्पर्धी होता. त्याने हिशेबांचे पुस्तकच्या पुस्तक घोकले आणि बक्षीस पटकावले. पण बक्षीससमारंभात श्रोत्यांपैकी कोणीतरी पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला, तेव्हा तो गप्प, आणि धाकट्या दादाभाईंनी तेथल्या तेथे उत्तर दिले. हाच मुलगा पुढे, १८५० नंतरच्या दशकात, त्याच एल्फिन्स्टन विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान यांचा प्राध्यापक झाला. त्या पदावर बसलेला पहिला हिंदी माणूस.

दादाभाईंचे आणखी एक सांगणे मला आजच्या विषयासाठी जास्त मोलाचे वाटते. घरची गरिबी, वडील लहानपणीच वारलेले. त्यांचे शिक्षण फुकट झाले. त्या काळी त्या शाळेत फी नव्हती म्हणून झाले, नाहीतर झालेच नसते. ही गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा आपल्याजवळ जे आहे ते लोकांना परत दिले पाहिजे, हा विचार तेथून आला असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आणि हा विचार एकट्याचा राहिला नाही. १८४८ च्या जून महिन्यात एल्फिन्स्टन विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. प्राध्यापक पॅटन तिचे अध्यक्ष. सभासदांनी आळीपाळीने निबंध वाचायचे आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा, असा तिचा परिपाठ. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग. या ज्ञानप्रसारक सभेत मराठीतून शास्त्रीय विषयांवर व्याख्याने होऊ लागली, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ नावाचे मासिकही चालू झाले. काल वर्गात ऐकले ते आज आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगायचे, असाच हा खटाटोप होता.

१८४९ साली या पोरांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली. मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर हिंडले. कोणी बसवून घेतले, कोणी हाकलून दिले. सुरुवातीला चव्वेचाळीस पारशी आणि चोवीस हिंदू मुली आल्या. इमारत नाही, पगारी मास्तर नाहीत. हे विद्यार्थी सकाळी, आपापले काम सुरू व्हायच्या आधी, जाऊन विनामूल्य शिकवीत. पुढे पैसेवाल्या गृहस्थांनी हात दिला, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांचा आधार मिळाला, आणि शाळा पायावर उभ्या राहिल्या. (पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली, आणि १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा, ती हकिगत तुम्हांला ठाऊकच आहे. तेथेही आधी घरात शिकवले आणि मग त्या शिकलेल्या बाईने गावाला शिकवले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.)

मॉनिटर मुलगा आणि हे १८४८ चे विद्यार्थी, यांत वरवर पाहिले तर फरक नाही. दोघेही अर्धेमुर्धे शिकलेले, दोघेही बिनपगारी. पण एकाला बसवले होते आणि दुसरे आपण होऊन उठले होते.

सरकारने मधली वाटही काढून पाहिली. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्या निधीचा काही भाग इंग्रजी अमदानीत शिक्षणाकडे वळवला गेला आणि त्यातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले: स्वतः शिकत असलेल्या, पण खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या, विद्यार्थ्याला दरमहा वेतन. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. तीत उतरलेल्या एकवीस जणांत महादेव गोविंद रानडे होते, आणि हे रानडेही दक्षिणा फेलो. शिकता शिकता शिकवायचे आणि शिकवता शिकवता पोटापुरते मिळवायचे. ही रीत मला वाईट वाटत नाही. गरीब घरच्या मुलाचा वेळ काही फुकटचा नसतो. जो संध्याकाळी दोन तास दुसऱ्याला शिकवतो, त्याला त्या वेळात कुठेतरी चार पैसे मिळाले असते. शिकणाऱ्याकडून घेऊ नयेत हे ठीक. पण संस्थेने शिकवणाऱ्याच्या चहापाण्याची, बसभाड्याची, एखाद्या शिष्यवृत्तीची सोय पाहिली तर त्यात त्याचे मोठेपण कमी होत नाही.

पुढच्या शंभर वर्षांत शाळा वाढल्या, कॉलेजे वाढली, परीक्षा वाढल्या, आणि शिकवणे हे मास्तरांचे काम ठरून गेले. मुले एकमेकांना समजावीत नव्हती असे नाही. वसतिगृहात, वाड्यातल्या माडीवर, परीक्षेच्या आदल्या रात्री ते चालतच असे. पण ती चोरटी गोष्ट. वर्गात शेजाऱ्याशी बोलला तर बाकावर उभे राहायचे! आणि बाहेर शिकवण्यांचा धंदा वाढत वाढत त्याचे मोठे दुकान झाले.

या रीतीकडे पुन्हा सगळ्यांचे लक्ष वेधले ते अमेरिकेत. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात युरी ट्रीसमन हा तरुण गणिती एका कोड्यात पडला. कलनशास्त्राच्या पहिल्या पेपरात काळ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण नापास होत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र चांगले उतरत. प्राध्यापकांनी ठोकळेबाज कारणे सांगितली: घरची गरिबी, उत्साह नाही, शाळेतली तयारी कच्ची. ट्रीसमनने ती मानली नाहीत. दोन्हीकडची वीस-वीस मुले घेऊन तो दीड वर्ष त्यांच्या मागे मागे राहिला. कसे बसतात, कधी अभ्यास करतात, कोणाबरोबर करतात. दिसले ते साधे होते. नापास होणारी मुले मेहनत करीत, पण एकेकटी. दार लावून. उत्तर चुकले तर आपलेच डोके कमी, असे समजून. दुसरी मुले आधी एकटी बसत आणि मग रात्री जेवणाच्या निमित्ताने जमून वह्या ताडून पाहत. ज्याला आले त्याने इतरांना सांगायचे, आणि कोणालाच आले नाही तर गणितच अवघड आहे असे समजायचे. ट्रीसमनने मग मुलांना एकत्र बसवले, आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांना सोपी गणिते दिली नाहीत, कठीण दिली. ‘कच्च्यांचा वर्ग’ असा शिक्का बसू दिला नाही. निकाल पालटला.

त्याच काळात, १९७३ साली, मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या शाखेत दुसरी तऱ्हा सुरू झाली. ज्या विषयात पुष्कळ मुले गळतात तो विषय निवडायचा. तो आधी चांगल्या रीतीने पार केलेला विद्यार्थी पुन्हा त्या वर्गात नेऊन बसवायचा. आणि आठवड्यातून काही तास त्याने इतरांबरोबर फुकट बसायचे. ‘मुलगा कच्चा आहे’ असे न म्हणता ‘विषय अवघड आहे’ असे म्हटले, एवढाच फरक. पण त्यामुळे यायला कोणी लाजेनासे झाले. ही तऱ्हा पुढे कितीतरी देशांत गेली.

आता आपण परत पिंपरीला येऊ. एक वर्ष पुढची मुलगी प्राध्यापकांहून चांगले शिकवते असे मी म्हणणार नाही. तिला थोडेच येते. पण ती कुठे अडखळली होती ते तिला अजून आठवते, आणि प्राध्यापक ते तीस वर्षांपूर्वी विसरलेले असतात. रसायनातला ‘मोल’ कळत नाही? ती म्हणते, ‘अरे, डझन म्हणजे बारा, मग ती केळी असोत की अंडी. तसा मोल म्हणजे एक ठरलेली संख्या, फक्त फार मोठी.’ डेरिव्हेटिव्ह अडले? ‘नाशिक फाट्याचा सिग्नल सुटल्यावर बसच्या काट्याकडे बघ. तासाभरात किती अंतर गेलो ते नव्हे. या क्षणी काटा जो आकडा दाखवतो तो.’ असे सांगताना तिचेही काहीतरी पक्के होते. जेथे तिला सांगता येत नाही, तेथे आपल्यालाच कळलेले नाही हे तिला उमजते. म्हणून कोणीतरी जाणते माणूस जवळपास हवे. आठवड्यातून एकदा तरी एखाद्या प्राध्यापकाने डोकावून जावे. चुकीचे गणित प्रेमाने शिकवले तरी ते चुकीचेच.

पिंपरीला तर हे नवीन वाटू नये. शॉपमध्ये नवा उमेदवार येतो तेव्हा त्याला व्हर्नियर वाचायला कोण शिकवतो? फोरमन नव्हे. गेल्या वर्षी आलेला उमेदवार शिकवतो, लेथपाशी उभा राहून, जेवणाच्या सुट्टीत. त्याची कोणी फी घेत नाही.

अडचण आहे ती जागेची. घर दोन खोल्यांचे, आणि त्यात रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला. कॉलेज पाच-सहाला बंद. या भागात अभ्यासिका आहेत, कोठे महानगरपालिकेच्या, कोठे मंडळांच्या, कोठे खासगी. आणि गरीब घरच्या मुलांना त्यांचा मोठा आधार आहे. पण तुम्ही कधी आत गेला असाल तर पाहिले असेल. प्रत्येकाची खुर्ची वेगळी, समोर फळी, बाजूला फळी, आणि भिंतीवर पाटी: ‘शांतता राखा’. शंभर मुले एका छताखाली बसलेली आणि प्रत्येक जण एकटा. स्पर्धापरीक्षेच्या पाठांतराला ती शांतता हवीच. तेथे कोणी बडबड करावी असे मी सुचवणार नाही. पण त्याच इमारतीत एखादी लहानशी खोली, मागची, गच्चीलगतची, कुलूप लावून ठेवलेली असते. जुन्या खुर्च्या आणि गणपतीच्या मांडवाचे सामान ठेवलेली. ते सामान हलवून आठवड्यातून दोन संध्याकाळी ती उघडावी, आत एक फळा टांगावा, आणि ती पाटी तेवढी त्या भिंतीवर लावू नये. कॉलेजे सुरू झाल्याबरोबर, पहिल्या सत्राची परीक्षा जवळ यायच्या आत, हे झाले पाहिजे. निकाल लागल्यावर मुले येत नाहीत.